नोकरी सांभाळून वैमानिक होताना : उपनगरांपासून धावपट्टी किती दूर?

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि मुंबई विमानतळावर प्रवासी तासन् तास ताटकळत बसले, तेव्हा वैमानिकांच्या विश्रांतीचा प्रश्न प्रथमच घराघरांत पोहोचला. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीच्या अवतरणांवर मर्यादा घालणारे नवे नियम त्या वर्षी टप्प्याटप्प्याने लागू झाले होते. त्यासाठी लागणाऱ्या मनुष्यबळाची तजवीज वेळेत झाली नव्हती. हा दोष नियोजनाचा की टंचाईचा, यावर वाद झाला. सामान्य वाचकाच्या मनात मात्र एकच निष्कर्ष ठसला : देशाला वैमानिक हवे आहेत. इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० आणि एअर इंडियाने त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० विमानांची मागणी नोंदविल्याच्या बातम्या त्याआधीच सर्वांनी वाचल्या होत्या.

अशा बातम्यांनंतर उड्डाण-प्रशिक्षण संस्थांकडे चौकशी करणाऱ्यांत केवळ बारावी झालेली मुले नसतात. अंधेरीच्या सीप्झमधला संगणक अभियंता, मुलुंडचा बँक अधिकारी, घाटकोपरचा सनदी लेखापाल, बोरिवलीची औषध कंपनीतील व्यवस्थापक अशी तिशीच्या आसपासची, घराचे हप्ते फेडणारी मंडळीही त्यांत असतात. त्यांचा प्रश्न साधा असतो. नोकरी न सोडता, शनिवार-रविवारी शिकून वैमानिक होता येईल काय? आणि येत असेल, तर संस्था कोणती निवडावी? पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात अर्थ नाही; कारण या व्यवहारात पणाला लागते ती मध्यमवर्गीय कुटुंबाची दहा-पंधरा वर्षांची बचत, आणि प्रसंगी जीवही.

जुहूचा वारसा आणि आजची पोकळी

गंमत अशी, की फावल्या वेळात विमान शिकण्याची कल्पना या देशात रुजली ती मुंबईच्या उपनगरातच. १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली आणि जुहूचे मैदान त्याचे घर बनले. त्या काळी तो खऱ्या अर्थाने क्लब होता. सकाळी उड्डाण करावे आणि नंतर फोर्टातील कचेरी गाठावी, असा त्याचा रिवाज. जे. आर. डी. टाटा याच क्लबात शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेले त्यांचे ‘पस मॉथ’ विमान अहमदाबादमार्गे उतरले तेही जुहूलाच. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ ज्या माणसाच्या नावावर जमा आहे, तो उद्योगाचा व्याप सांभाळत विमान शिकला होता, हे विसरता येत नाही.

आज जुहूचे चित्र वेगळे आहे. सांताक्रूझचा मुख्य विमानतळ तेथून हाकेच्या अंतरावर आहे. जुहूची धावपट्टी सांताक्रूझची समजून परदेशी विमाने तेथे उतरल्याच्या दोन घटना इतिहासात नोंदल्या आहेत : १९५३ मध्ये बीओएसीचे कॉमेट आणि सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८. दोन्ही विमानतळ किती लगटून आहेत, हे कळायला एवढे पुरे. मुख्य विमानतळ हा देशातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक. त्याच्या हवाई क्षेत्रात शिकाऊ वैमानिकाला घिरट्या घालू देणे कोणत्याही नियंत्रकाला परवडणारे नाही. समुद्रातील तेलफलाटांकडे ये-जा करणाऱ्या हेलिकॉप्टरांनी जुहू व्यापले आहे. क्लबचे जमिनीवरचे वर्ग जुहूला राहिले, उड्डाण-प्रशिक्षण मात्र धुळ्याला गेले. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ प्रवाशांसाठी खुला झाला असला, तरी त्यामुळे महानगराभोवतीचे आकाश अधिक गजबजणार आहे, मोकळे होणार नाही. तेव्हा उपनगरात राहून उपनगरातच विमान शिकण्याचा काळ गेला, हे आधी मान्य केले पाहिजे.

परवाना कोणता, हे आधी ठरवा

संस्थांची माहितीपत्रके मागविण्यापूर्वी इच्छुकाने स्वतःचे उद्दिष्ट निश्चित करायला हवे. खासगी वैमानिक परवाना (पीपीएल) आणि व्यावसायिक वैमानिक परवाना (सीपीएल) या दोन भिन्न वाटा आहेत. पहिल्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण, दुसऱ्या श्रेणीचा वैद्यकीय दाखला आणि किमान ४० तासांचे उड्डाण एवढे पुरते. या परवान्यावर पैसे घेऊन विमान चालविता येत नाही. तो हौसेचा परवाना. दुसऱ्यासाठी वय अठरा, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, पहिल्या श्रेणीचा वैद्यकीय दाखला, लेखी परीक्षा आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. वाणिज्य वा कला शाखेतून आलेले अनेक जण मुक्त विद्यालयातून हे दोन विषय नंतर पूर्ण करतात.

नोकरदारांच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन अटी मात्र नियमांच्या तपशिलात दडलेल्या असतात. व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास अर्ज करण्यापूर्वीच्या पाच वर्षांत झालेले असावे लागतात. आणि मुख्य वैमानिक म्हणून केलेल्या १०० तासांपैकी किमान १५ तास अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले असावे लागतात. रात्रीच्या उड्डाणांचा सराव, उपकरणांच्या आधारे केलेले उड्डाण आणि ३०० सागरी मैलांचा लांब पल्ल्याचा प्रवास हेही या गणितात यावे लागते. ‘जमेल तसे, जमेल तेव्हा’ या वृत्तीला नियमांनी घातलेली ही वेस आहे.

वैद्यकीय तपासणीबाबतही अनेकांची फसगत होते. उद्देश नोकरीचा असेल, तर एक रुपयाही शुल्क भरण्यापूर्वी पहिल्या श्रेणीची तपासणी करून घ्यावी. रंगांधळेपणा, रक्तदाब, साखर यांपैकी एखादी बाब तिशी-पस्तिशीत अनपेक्षितपणे पुढे येऊ शकते. पाच लाख भरल्यावर ती कळण्यापेक्षा आधी कळलेली बरी.

शनिवार-रविवारचे गणित

आता मूळ प्रश्न. समजा, घाटकोपरचा एक नोकरदार महिन्यातून दोन शनिवार-रविवार प्रशिक्षणासाठी देतो. सकाळची शांत हवा आणि उपलब्ध विमाने पाहता दोन दिवसांत तीन तासांचे उड्डाण झाले, तर ती चांगली गती म्हणावी लागेल. म्हणजे महिन्याला सहा तास. पावसाळ्याचे चार महिने वगळता ऑक्टोबर ते मे हे आठ महिने हाती राहतात. कागदावर ४८ तास झाले. त्यातून धुके, वारा, विमानाची दुरुस्ती, प्रशिक्षकाची रजा, कचेरीतील तातडीचे काम आणि घरातील लग्नकार्य यांपोटी एक तृतीयांश वजा केले, तर उरतात ३२.

या हिशेबाने ४० तासांचा खासगी परवानाही एका हंगामात पुरा होत नाही. तो दुसऱ्या हंगामात जातो आणि मधल्या चार महिन्यांत हाताला लागलेले वळण सुटते. उड्डाण ही शरीराने लक्षात ठेवण्याची विद्या आहे. अवतरणाच्या वेळी विमानाचे नाक किती उचलायचे, हे पुस्तकात वाचून कळत नाही आणि महिनाभराच्या खंडाने ते विसरायला होते. मग प्रत्येक खेपेचा पहिला तास मागचा धडा गिरविण्यात जातो. त्यामुळे ४० तासांची किमान मर्यादा ही अर्धवेळ विद्यार्थ्याच्या बाबतीत क्वचितच पुरते. व्यावसायिक परवान्याचे तर बोलायलाच नको : हंगामाला ३२ तास या गतीने पाच वर्षांत १६० तास होतात. म्हणजे पाच वर्षांच्या चौकटीत २०० तास बसतच नाहीत. महिन्यातले चारही शनिवार-रविवार दिले, तरी तीन हंगामांहून अधिक काळ लागेल. आणि अशी तीन वर्षे कोणत्या संसाराला मानवतील, हा प्रश्न वेगळाच.

याउलट सलग रजेचा हिशेब पाहावा. आठवड्याचे पाच दिवस, दररोज दीड तास म्हणजे आठवड्याला साडेसात तास. तीच एक तृतीयांश घट धरली, तरी पाच तास. या गतीने ४० तास आठ आठवड्यांत होतात. चार-चार आठवड्यांच्या दोन रजा, एक दिवाळीनंतर आणि एक फेब्रुवारी-मार्चमध्ये, अशी विभागणी करता येते. यासाठी बिनपगारी रजा घ्यावी लागली, तरी वारंवारच्या प्रवासाचा, मुक्कामाचा आणि पुन्हा पुन्हा गिरविण्याच्या तासांचा खर्च वाचतो. सबब, ‘अर्धवेळ’ याचा व्यवहार्य अर्थ शनिवार-रविवार असा नसून ‘टप्प्याटप्प्याने, पण प्रत्येक टप्पा सलग’ असा घ्यायला हवा. संस्था निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : चार आठवडे सलग येणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही विमान आणि प्रशिक्षक राखून ठेवाल काय?

कोणत्या उपनगराला कोणती धावपट्टी?

मुंबईच्या आवाक्यातील प्रशिक्षण-केंद्रे घाटमाथ्यापलीकडे विखुरलेली आहेत. पुणे जिल्ह्यातील बारामती रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर. अंधेरीहून द्रुतगती मार्ग आणि पुणे ओलांडून पाच तास सहज लागतात. धुळे मुंबई-आग्रा महामार्गावर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर; मुलुंड, भांडुप, घाटकोपरकरांना पूर्व द्रुतगती महामार्गावरून नाशिकमार्गे ते तुलनेने सोयीचे. धुळ्याच्या पुढे शिरपूर, जेथे एका शिक्षणसंस्थेची स्वतःची धावपट्टी आहे. जळगाव मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर. ठाणे वा कल्याणला रात्रीची गाडी धरली, की पहाटे पोहोचता येते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उदार केलेल्या धोरणानुसार २०२१ मध्ये ज्या पाच विमानतळांवर नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा देण्याचे ठरले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी यांच्यासह जळगावचा समावेश होता. या धोरणात संस्थांकडून विमानतळाने घ्यावयाचे स्वामित्वशुल्क रद्द करण्यात आले. बोरिवलीकरांना पश्चिम रेल्वेवरील बडोदा अनेकदा धुळ्यापेक्षा सोपे पडते; तेथे गुजरात फ्लाइंग क्लब ही जुनी संस्था आहे. गोंदियाची राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था ही प्राधिकरण आणि कॅनडाच्या सीएई कंपनीच्या भागीदारीतून उभी राहिलेली मोठी संस्था. पण तिचा सारा बाज पूर्णवेळ निवासी प्रशिक्षणाचा, आणि विदर्भ एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास हा काही शनिवार-रविवारचा मामला नव्हे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ मध्ये केली, तीही अशाच पूर्णवेळ प्रशिक्षणार्थींसाठी.

अंतराबरोबर हवामानाचाही विचार हवा. बारामती आणि धुळे पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे या दोन्ही ठिकाणी त्याचा चौथा हिस्साच पडतो. म्हणून पावसाळ्यातही मधूनमधून उड्डाणाच्या खिडक्या उघडतात. मात्र खानदेशातला एप्रिल-मे कठोर असतो. पारा चाळिशीपार गेला, की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद व पंखांची उचल घटते आणि दुपारच्या उष्ण लहरींत लहान विमान हेलकावे खाते. त्यामुळे उन्हाळ्यात खरे काम सकाळी नऊ-दहापर्यंतच चालते. ‘वर्षाचे तीनशे दिवस उड्डाणयोग्य’ अशी जाहिरात वाचताना त्या दिवसांतले किती तास शिकाऊ विद्यार्थ्याच्या कामाचे, हे विचारावे.

प्रवासाचा आणखी एक पैलू दुर्लक्षिला जातो, तो थकव्याचा. शुक्रवारी संध्याकाळी कचेरीतून निघून रात्रभर बसमध्ये अवघडलेला आणि पहाटे सहाला विमानात बसलेला विद्यार्थी हा धोका असतो. विमान कंपनीच्या वैमानिकाच्या विश्रांतीसाठी न्यायालयीन लढाई झाली आणि नियम बदलले. नोकरदार विद्यार्थ्याची आठवडाभराची झोप मात्र कोणाच्याच नोंदवहीत नसते. ती त्याची त्यालाच मोजावी लागते. आदल्या रात्री मुक्कामी पोहोचणे ही चैन नव्हे, प्रशिक्षणाचा भाग आहे. संस्थेच्या आवारात रात्रीपुरती निवासाची सोय आहे काय, हे म्हणूनच विचारले पाहिजे.

माहितीपत्रकापलीकडे काय पाहावे?

उड्डाण-प्रशिक्षण संस्थांची निवड बहुतेक जण शुल्क पाहून करतात. वास्तविक पहिला निकष असावा तो विमानांचा आणि विद्यार्थ्यांचा. कागदावर किती विमाने आहेत यापेक्षा आज सकाळी उडण्याजोगी किती आहेत, हे महत्त्वाचे. ठरावीक तासांनंतर प्रत्येक विमान तपासणीसाठी बाहेर काढावे लागते आणि सुटा भाग परदेशातून यायचा असेल, तर ते आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये पडून राहते. संस्थेची स्वतःची मान्यताप्राप्त देखभाल व्यवस्था आहे, की त्यासाठी बाहेरच्यांवर अवलंबून राहावे लागते? मुख्य प्रशिक्षक प्रत्यक्ष त्या तळावर असतात, की दोन तळ सांभाळतात? साहाय्यक प्रशिक्षक किती, आणि गेल्या वर्षभरात किती सोडून गेले? विमान कंपन्यांची भरती सुरू झाली, की अनुभवी प्रशिक्षक तिकडे जातात आणि विद्यार्थी मध्यावर लटकतात. ही या क्षेत्राची जुनी दुखरी नस आहे.

या सर्वांचे सार एकाच आकड्यात मिळते. गेल्या बारा महिन्यांत या तळावरील एका विद्यार्थ्याने सरासरी दरमहा किती तास उड्डाण केले? ज्या संस्थेत पूर्णवेळ निवासी विद्यार्थीही महिन्याला दहा तासांसाठी रांगेत उभे आहेत, तेथे अधूनमधून येणाऱ्या नोकरदाराला कोण विचारणार? संस्थेच्या कार्यालयाने दिलेले उत्तर पडताळण्याचा उपायही सोपा आहे. तळावर एक पूर्ण दिवस जाऊन बसावे. सकाळी फलकावर किती उड्डाणे नोंदली आणि दुपारपर्यंत किती झाली, हे मोजावे. कँटीनमध्ये दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलावे. कोणत्याही जाहिरातीपेक्षा हा दिवस अधिक शिकवितो.

दुसरा निकष सुरक्षेचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने चार दिवसांत कोसळली आणि नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) त्या संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबविले. जुलै २०२१ मध्ये जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात शिरपूरहून निघालेले विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला व विद्यार्थिनी जखमी झाली. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यात बारामतीचे विमान शेतात कोसळले. या घटनांचा अर्थ या संस्था वाईट आणि इतर चांगल्या, असा सरधोपट काढणे योग्य नाही. जेथे जास्त उड्डाणे होतात तेथे अपघाताची शक्यताही जास्त वेळा संभवते. प्रश्न असतो तो अपघातानंतर संस्था काय करते याचा. अहवालातील शिफारशी अमलात आल्या काय, विद्यार्थ्यांना त्या समजावून सांगितल्या गेल्या काय, चुकीची माहिती स्वतःहून देणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा होते की तिच्यातून सर्व जण शिकतात, हे विचारल्यावर जे उत्तर मिळते त्यावरून संस्थेची प्रकृती कळते.

तिसरा निकष प्रामाणिकपणाचा. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका व न केलेल्या उड्डाणांच्या नोंदी यांच्या आधारे परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली, काही वैमानिकांना अटक झाली आणि राजस्थानातील एका सरकारी प्रशिक्षण संस्थेतील नोंदींची चौकशी झाली. न उडालेले तास लॉगबुकात मांडण्याचा मोह सर्वांत जास्त कोणाला होत असेल, तर तो वेळेची चणचण असलेल्यालाच. ‘तुमचे तास आम्ही सांभाळून घेऊ’ असे कोणी सूचित केले, तर तेथून उठून यावे. असा तास पैसे वाचवीत नाही. एखाद्या दिवशी इंजिन बंद पडते तेव्हा तो न शिकलेला धडा म्हणून समोर उभा राहतो.

श्रेणीचा उपयोग किती?

या गोंधळात एक स्वागतार्ह पाऊल म्हणजे डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ पासून सुरू केलेली प्रशिक्षण संस्थांची श्रेणी-पद्धती. वर्षातून दोनदा, १ एप्रिल व १ ऑक्टोबरला, कामगिरी, सुरक्षा, नियमपालन, विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आदी निकषांवर संस्थांना श्रेणी देण्याचे ठरले. पहिल्या फेरीचा निकाल बोलका होता : ‘ए प्लस प्लस’ आणि ‘ए प्लस’ या सर्वोच्च दोन श्रेणींत देशातील एकही संस्था बसली नाही. १३ संस्थांना ‘ए’ आणि २२ संस्थांना ‘बी’ श्रेणी मिळाली. देशात २०२३ मध्ये १,६२२ व्यावसायिक परवाने दिले गेले आणि तो तोवरचा उच्चांक ठरला. संख्येची ही झेप आणि गुणवत्तेचा हा निकाल शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे नियंत्रकाला ही पद्धती का आणावी लागली, ते उमगते.

अर्थात, ही श्रेणी पूर्णवेळ विद्यार्थ्याला डोळ्यांपुढे ठेवून दिली जाते. एखादी ‘ए’ श्रेणीची संस्था विमान कंपनीशी करार करून तिच्या प्रशिक्षणार्थींनीच भरलेली असू शकते. तेथे मुलुंडच्या बँक अधिकाऱ्याला सकाळची वेळ मिळणार नाही. उलट, ‘बी’ श्रेणीच्या एखाद्या लहान क्लबात विमाने दोनच असली, तरी विद्यार्थीही मोजके असतील. श्रेणी हा चाळणीचा पहिला थर समजावा. अखेरची निवड दरमहा मिळणाऱ्या तासांवर करावी.

पैशाचा व्यवहार

शुल्काबाबत दोन पथ्ये पाळावीत. पहिले, ताशी दर आणि अंतिम खर्च यांत गल्लत करू नये. समजा, दर ताशी १५ हजार रुपये आहे. ४० तासांचे सहा लाख झाले. पण सरावाचे आणखी पंधरा तास लागले, तर सव्वादोन लाख वाढले. त्यावर वैद्यकीय तपासणी, परीक्षा, निवास, प्रवास, विमा आणि विमान उतरविण्याचे शुल्क. व्यावसायिक परवान्याचा खर्च आजमितीस अर्धा कोटी रुपयांच्या पुढे जातो आणि त्यानंतर विशिष्ट प्रवासी विमानाचे प्रशिक्षण वेगळेच. दर इंधनाशी जोडलेला आहे काय, हेही करारात पाहावे. लहान विमानांना लागणारे एव्हगॅस पूर्वी आयात करावे लागे. इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये बडोद्याच्या शुद्धीकरण कारखान्यातील देशी एव्हगॅस बाजारात आणले. तरीही इंधनाच्या नावाखाली मध्येच दर वाढविले जाऊ शकतात.

दुसरे पथ्य, सर्व रक्कम आगाऊ भरू नये. सवलतीचे आमिष मोठे असते, पण विमाने बंद पडली, प्रशिक्षक गेले वा मान्यता स्थगित झाली, तर अडकलेला पैसा सोडविणे दुष्कर होते. दहा-दहा तासांचे हप्ते, न वापरलेल्या तासांच्या परताव्याची लेखी हमी आणि मान्यता स्थगित झाल्यास काय, याचे स्पष्ट कलम करारात असल्याशिवाय सही करू नये. नोकरदाराच्या बाबतीत आणखी एक कलम हवे : ठरलेल्या रजेच्या काळात संस्थेच्या कारणाने उड्डाणे झाली नाहीत, तर त्याची भरपाई कशी? त्याची रजा ही त्याच्या पैशाइतकीच मोलाची असते.

उपनगरात होऊ शकणारे काम

निराश होण्याचे कारण नाही. कारण या शिक्षणाचा मोठा वाटा नोकरी सांभाळून, घरी राहून खरोखरच होऊ शकतो. हवाई मार्गशोधन, हवामानशास्त्र, नियम आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षांची तयारी रात्रीच्या वर्गांतून करता येते आणि उपनगरांत असे वर्ग चालतात. रेडिओ-दूरध्वनी परवान्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याच्या अखत्यारीत होती. १ जानेवारी २०२५ पासून अमलात आलेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने हे काम डीजीसीएकडे सोपविले. लेखी परीक्षा आधी उरकून मग उड्डाणाला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे तळावरचे दिवस वाया जात नाहीत. शिवाय, सारे विषय उत्तीर्ण होता होता आपली चिकाटी किती आणि हौस किती, याचा निकाल अल्प खर्चात लागतो.

तेव्हा व्यावसायिक परवाना हवा असणाऱ्या नोकरदारासाठी क्रम असा ठरतो : पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी, वर्ष-दीड वर्ष नोकरी सांभाळून परीक्षा, मग दोन सलग रजांत खासगी परवान्यापर्यंतचे उड्डाण, आणि अखेरीस, निर्णय पक्का असेल तरच, नोकरीतून वर्षभर मोकळे होऊन उरलेले तास. शेवटचा टप्पा अर्धवेळ होईल, असे सांगणारी संस्था एक तर स्वतःला फसवीत असते किंवा विद्यार्थ्याला. हौसेपुरता खासगी परवाना घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. परवाना मिळाल्यावर तो जिवंत ठेवण्यासाठीही उडत राहावे लागते आणि मुंबईत भाड्याने विमान देणारा क्लब नसल्याने त्यासाठी पुन्हा घाट ओलांडावाच लागतो. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. तेथे स्थायिक झालेला मराठी अभियंता शनिवारी सकाळी घराजवळच्या क्लबातून तासभर उडून दुपारच्या जेवणाला घरी येऊ शकतो. इथल्याला त्याच तासासाठी दोन दिवस मोजावे लागतात.

धोरणाचा प्रश्न

ही विषमता केवळ हौशी मंडळींची तक्रार म्हणून सोडून देण्याजोगी नाही. पूर्णवेळ प्रशिक्षणाचा खर्च आणि वेळ ज्यांना परवडतो, त्यांच्याच मुलांतून वैमानिक येणार असतील, तर मध्यमवर्गातील आणि त्याहून खालच्या आर्थिक स्तरातील गुणवंतांना हे क्षेत्र बंदच राहील. कमावता कमावता शिकणे हा मराठी समाजाचा जुना, परिचित मार्ग आहे. मुंबईची रात्रशाळा आणि रात्रमहाविद्यालये याच गरजेतून उभी राहिली आणि त्यांनी गिरणगावातल्या कितीतरी घरांना पदवीपर्यंत नेले. विमानाला रात्रशाळा शक्य नाही, हे खरे. पण रजेच्या मोसमातील राखीव तुकड्या शक्य आहेत. महाराष्ट्रात अनेक जिल्ह्यांत धावपट्ट्या बांधून पडल्या आहेत आणि त्यांवर दिवसातून एखादे विमान उतरले तर उतरते. अशा धावपट्ट्या प्रशिक्षणासाठी देताना काही विमान-तास टप्प्याटप्प्याने शिकणाऱ्यांसाठी ठेवण्याची अट राज्य सरकारला घालता येईल. डीजीसीएलाही श्रेणीबरोबर प्रत्येक तळावर दर विद्यार्थ्यामागे दरमहा झालेल्या उड्डाण-तासांचा आकडा प्रसिद्ध करता येईल. एवढे एक पाऊल उचलले, तरी माहितीपत्रकांतील निम्मी अतिशयोक्ती आपोआप गळून पडेल.

तोवर उपनगरातील इच्छुकाला स्वतःच्या हिशेबावरच विसंबावे लागेल. चकचकीत इमारत, गणवेशातील छायाचित्रे आणि विमान कंपन्यांच्या मागणीचे आकडे यांपैकी काहीही त्याला हवेत नेत नाही. उडण्याजोगे विमान, जागेवर असलेला प्रशिक्षक, निवळलेले आकाश आणि पुरेशी झोप झालेला विद्यार्थी हे चौघे एकाच सकाळी एकत्र आले, तरच एक तास पदरात पडतो. वर्षभरात अशा सकाळी किती मिळतील, याचे उत्तर जी संस्था आकड्यांत आणि लेखी देईल, तीच निवडावी. मग ती धुळ्याची असो, बारामतीची असो वा बडोद्याची.